‘आहे’ या क्रियापदाचा वाद : मारबुर्गची परिषद (१५२९) आणि प्रभुभोजनातील ख्रिस्ताच्या उपस्थितीविषयीचा ल्यूथरन सिद्धान्त

प्रस्तावना

सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेचा इतिहास आपल्याकडे बहुधा पोपची सत्ता आणि मार्टिन ल्यूथर यांच्यातील संघर्षाचा इतिहास म्हणून शिकविला जातो. पापक्षमापत्रांची विक्री, १५१७ मधील पंचाण्णव सिद्धान्त, १५२१ मधील वर्म्सची राज्यसभा या घटना विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या असतात. मात्र या चळवळीत अवघ्या बारा वर्षांत जी फूट पडली आणि जी पुढे जवळजवळ साडेचार शतके सांधली गेली नाही, तिचा उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपला जातो. ही फूट प्रभुभोजनाच्या प्रश्नावर पडली. शेवटच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्ताने भाकर हाती घेऊन ती आपले शरीर आहे असे शिष्यांना सांगितले. या विधानातील ‘आहे’ या क्रियापदाचा अर्थ काय, एवढाच वरकरणी प्रश्न होता.

या वादाचे वर्णन अनेक लेखकांनी ‘शब्दच्छल’ असे केले आहे, आणि ल्यूथरच्या हट्टी स्वभावावर सारा दोष टाकून विषय संपविला आहे. ल्यूथरचा स्वभाव हट्टी होता हे खरे. परंतु तेवढ्यावरून या फुटीचा उलगडा होत नाही. ल्यूथर आणि त्याचे विरोधक यांच्यात खरा मतभेद भाषेविषयी नसून त्या भाषेमागे असलेल्या एका तत्त्वप्रश्नाविषयी होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर सामान्य श्रद्धावंताच्या मनाची शाश्वती अवलंबून आहे अशी ल्यूथरची धारणा होती, हे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

मध्ययुगीन वारसा

१२१५ मध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात ‘द्रव्यांतर’ होते, असे अधिकृतपणे घोषित केले. तेराव्या शतकातच थॉमस अक्वायनस याने अ‍ॅरिस्टॉटलच्या परिभाषेत या कल्पनेची मांडणी केली. प्रत्येक वस्तूचे द्रव्य वेगळे आणि त्या द्रव्याच्या आश्रयाने राहणारे रंग, रुची, आकार इत्यादी धर्म वेगळे. धर्मगुरूने अभिमंत्रणाचे शब्द उच्चारताच भाकरीचे द्रव्य नाहीसे होते व त्या जागी ख्रिस्ताच्या शरीराचे द्रव्य येते. भाकरीचा रंग व चव तेवढी मागे उरते. वैशेषिक दर्शनातील द्रव्य व गुण यांची जोडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मांडणीतील अडचणही तत्काळ लक्षात येईल. द्रव्याचा आश्रय सुटल्यावर गुण राहतात कोठे? अक्वायनसने येथे दैवी सामर्थ्याचा आधार घेतला आहे.

सिद्धान्तापेक्षा व्यवहारातील परिणाम अधिक दूरगामी होते. सामान्य श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, प्रभुभोजन घ्यावे असा दंडक त्याच लॅटरन परिषदेने घातला होता. पुष्कळ लोक तेवढेच घेत. एरवी धर्मगुरू अभिमंत्रित ओस्ती उंच धरीत असे, तिचे दर्शन घेणे हाच त्यांच्या भक्तीचा मुख्य भाग झाला होता. द्राक्षारसाचा प्याला तर केवळ धर्मगुरूंसाठीच राखला गेला. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने सामान्यांना प्याला देण्यास स्पष्ट मनाई केली. त्याच परिषदेने त्याच वर्षी यान हुस याला जिवंत जाळले, आणि बोहेमियातील त्याच्या अनुयायांनी तोच प्याला आपल्या चळवळीचे चिन्ह केले. मृतांच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून दक्षिणा देऊन मिस्सा करविण्याची प्रथा सर्वत्र रूढ होती आणि त्यासाठी दिलेल्या देणग्यांवर हजारो धर्मगुरूंचा उदरनिर्वाह चालत असे. तेव्हा प्रभुभोजनाच्या अर्थात बदल करणे म्हणजे एका मोठ्या अर्थव्यवस्थेलाच हात घालणे होते.

१५२० : मृत्युपत्राची कल्पना

१५२० मध्ये लिहिलेल्या ‘चर्चची बाबिलोनी बंदिवासातील अवस्था’ या लॅटिन ग्रंथात ल्यूथरने प्रभुभोजनाचे तीन बंदिवास सांगितले. सामान्यांना प्याला नाकारणे हा पहिला, द्रव्यांतराचा सिद्धान्त श्रद्धेचे कलम म्हणून लादणे हा दुसरा, आणि मिस्सा हे देवाला अर्पण करावयाचे यज्ञकर्म किंवा पुण्यकर्म मानणे हा तिसरा. यांपैकी तिसरा बंदिवास त्याला सर्वांत घातक वाटत होता. द्रव्यांतराविषयी तो तुलनेने सौम्य आहे. भाकर भाकरच राहते व तिच्यात ख्रिस्ताचे शरीरही असते असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल, चर्चचा निर्णय आड आला नसता तर, हा विचार आपल्याला कांब्रेचा कार्डिनल पिएर दायी याच्या ग्रंथातून सुचला, असे तो सांगतो. तापवून लाल केलेल्या लोखंडाचा दृष्टान्तही तो देतो. लोखंड लोखंडच राहते, अग्नी अग्नीच राहतो. तरी त्या लोखंडाचा प्रत्येक कण एकाच वेळी लोखंडही असतो आणि अग्नीही.

परंतु या ग्रंथाचा गाभा वेगळाच आहे. प्रभुभोजन हे ख्रिस्ताचे मृत्युपत्र आहे, असे ल्यूथर म्हणतो. मरणोन्मुख व्यक्ती मृत्युपत्र करते, वारसांना काय मिळणार ते सांगते आणि त्यावर मुद्रा उमटविते. येथे मिळणारा वारसा म्हणजे पापक्षमा, आणि मुद्रा म्हणजे भाकर व द्राक्षारस या चिन्हांखाली दिलेले स्वतःचे शरीर व रक्त. मृत्युपत्र ऐकणाऱ्याने काही द्यावयाचे नसते, केवळ घ्यावयाचे असते. त्यामुळे मिस्सा हे मनुष्याने देवाला केलेले अर्पण असूच शकत नाही. पुढील दहा वर्षांतील त्याच्या आग्रहाचे मूळ येथेच आहे. मृत्युपत्रातील शब्द सोयीप्रमाणे फिरवून वाचण्याचा अधिकार वारसांना नसतो. ‘माझे घर’ या शब्दांचा अर्थ ‘माझ्या घराचे चित्र’ असा कोणी लावू लागला, तर वारसाच्या हाती काय उरेल?

तीन शब्द, तीन विरोधक

ल्यूथरवर पहिला आघात झाला तो विटेनबर्गमधूनच. त्याचा सहकारी आंद्रेआस कार्लश्टाट याने १५२१ च्या नाताळात पुरोहिती वस्त्रे न घालता, दोन्ही पदार्थ सामान्यांच्या हाती देऊन प्रभुभोजन साजरे केले. मार्च १५२२ मध्ये ल्यूथर परतला व त्याने ही घाई थांबविली. पुढे सॅक्सनीतून हद्दपार झालेल्या कार्लश्टाटने १५२४ मध्ये असा अर्थ मांडला, की ‘हे’ म्हणताना ख्रिस्ताने भाकरीकडे नव्हे, तर आपल्या बसलेल्या देहाकडे बोट दाखविले होते.

दुसरा अर्थ नेदरलँड्समधून आला. कॉर्नेलिस हून या कायदेपंडिताने एका पत्रात असे सुचविले होते, की येथे ‘आहे’ याचा अर्थ ‘दर्शविते’ असा घ्यावा. वर वधूला अंगठी देतो आणि तिच्या रूपाने स्वतःला देतो. अंगठी म्हणजे वर नव्हे, पण ती त्याच्या वचनाची खूण असते. हे पत्र झ्युरिकचा सुधारक हुल्ड्रिख झ्विंग्ली याच्या हाती पडले व त्याने ते १५२५ मध्ये छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झ्युरिकमध्ये मिस्सा बंद झाली. सोन्याचांदीच्या पात्रांऐवजी लाकडी ताटल्या व लाकडी प्याले आले आणि लोक बसल्या जागी भाकर एकमेकांच्या हाती देऊ लागले. निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडणाच्या कोकराला वल्हांडण म्हटले आहे, हा दाखला आपल्याला स्वप्नात मिळाला, असे झ्विंग्लीनेच लिहून ठेवले आहे. संस्कार म्हणजे काय हे सांगताना तो स्विस सैनिकाचे उदाहरण देतो. अंगरख्यावर पांढरा क्रूस शिवणारा आपण संघराज्याचे आहोत हे जाहीर करतो, आणि १३८८ च्या विजयाचे स्मरण करण्यासाठी नेफेल्सला जाणारा त्या निष्ठेची ग्वाही देतो. अशा रीतीने झ्विंग्लीच्या दृष्टीने प्रभुभोजन हे मंडळीचे कृत्य ठरते: स्मरण, उपकारस्तुती आणि बांधिलकीची जाहीर कबुली. येथे देणारा मनुष्य आहे. ल्यूथरच्या मृत्युपत्रात देणारा ख्रिस्त आहे. दोघांमधील अंतर येथपासूनच मोजले पाहिजे.

बाझेलचा विद्वान योहान्नेस एकोलांपाडिउस याने तिसराच मार्ग धरला. त्याने ‘आहे’ तसेच ठेवले आणि ‘शरीर’ या शब्दाचा अर्थ ‘शरीराचे प्रतीक’ असा केला. एकाच निष्कर्षाला पोहोचण्यासाठी एकाने ‘हे’ वाकवावे, दुसऱ्याने ‘आहे’ आणि तिसऱ्याने ‘शरीर’, या विसंगतीची ल्यूथरने भरपूर थट्टा केली. थट्टा अप्रस्तुत नव्हती. शब्द कोणताही वाकवला तरी निष्कर्ष एकच निघत असेल, तर तो निष्कर्ष शब्दांतून आलेला नाही, हे उघड आहे.

मुख्यार्थबाधाचा प्रश्न

या टप्प्यावर भारतीय साहित्यशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते. शब्दाचा मुख्य अर्थ सोडून लक्ष्यार्थ घेण्याची परवानगी केव्हा मिळते? मुख्यार्थाचा बाध झाला तरच, असे आपले शास्त्र सांगते. गंगेवर गवळ्यांची वाडी आहे असे म्हटले, तर प्रवाहावर वाडी वसू शकत नाही म्हणून ‘गंगा’ याचा अर्थ ‘गंगेचा तीर’ असा करावा लागतो. ल्यूथर व झ्विंग्ली यांच्यातील वाद नेमका या पहिल्या अटीचा होता. ख्रिस्ताच्या विधानात मुख्यार्थाचा बाध होतो काय?

होतो, असे झ्विंग्ली म्हणे. त्याची कारणे दोन. योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात देहाचा काही उपयोग नाही, आत्माच जीवन देतो, असे ख्रिस्तच म्हणतो. मग देह खाण्याचे प्रयोजन काय? दुसरे कारण अधिक वजनदार आहे. ख्रिस्ताने खरा मानवी देह धारण केला, आणि मानवी देह एका वेळी एकाच ठिकाणी असतो. तो देह स्वर्गात गेला, देवाच्या उजवीकडे बसला, असे श्रद्धावचनात म्हटले आहे. तो हजारो वेदींवर एकाच वेळी असू लागला, तर तो मानवी देह राहणार नाही आणि मनुष्याचे तारण करणारा मनुष्यच उरणार नाही. हा आक्षेप केवळ तर्कटाचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. ख्रिस्ताचे मनुष्यत्व अबाधित राहावे, ही त्यामागची खरी तळमळ होती.

बाध होत नाही, हे सिद्ध करण्यासाठी ल्यूथरने १५२७ व १५२८ मध्ये दोन मोठे ग्रंथ लिहिले. त्यांपैकी १५२८ चा ‘ख्रिस्ताच्या भोजनाविषयीची कबुली’ हा या विषयावरील त्याचा सर्वांत परिपक्व ग्रंथ होय. देवाचा उजवा हात म्हणजे आकाशातील सोन्याचे आसन असलेली एखादी जागा नव्हे, असे तो म्हणतो. तो हात म्हणजे देवाचे सामर्थ्य, आणि ते सर्वत्र आहे. वस्तू ‘असण्याचे’ प्रकारही अनेक आहेत. पिंपात द्राक्षारस असतो तसे जागा व्यापून असणे हा एक प्रकार. देवदूत किंवा आत्मा जसा एखाद्या ठिकाणी असतो, पण जागा अडवीत नाही, तो दुसरा. आणि सर्व ठिकाणे एकाच वेळी व्यापणे, जे केवळ देवालाच शक्य, तो तिसरा. हे वर्गीकरण ल्यूथरला विद्यार्थिदशेत शिकलेल्या ओकमच्या संप्रदायातून मिळाले होते. ख्रिस्ताच्या ठायी ईश्वरत्व आणि मनुष्यत्व एकाच व्यक्तीत अविभाज्यपणे जोडलेले आहेत, हे तर ४५१ मध्ये कॅल्सेडॉनच्या धर्मपरिषदेनेच ठरविले होते. मग जेथे त्याचे ईश्वरत्व आहे तेथे त्याचे मनुष्यत्व नाही असे म्हणणे म्हणजे त्या एका व्यक्तीचे दोन तुकडे करणे होय. ख्रिस्ताचे शरीर भाकरीत कसे असते याचे स्पष्टीकरण आपण देत नाही, असू शकत नाही हे तुम्ही सिद्ध केलेले नाही एवढेच दाखवितो, अशी त्याची भूमिका होती. श्रद्धेला मात्र त्या युक्तिवादाची गरज नाही, तिला शब्द पुरेसे आहेत.

ल्यूथर शब्दाच्या केवळ वाच्यार्थाला चिकटून राहिला, असा जो समज आहे तोही पूर्णपणे खरा नाही. त्याच ग्रंथात तो थैलीचे उदाहरण देतो. मोहरांच्या थैलीकडे बोट दाखवून कोणी म्हणाला, ‘हे शंभर गुल्डन आहेत’, तर तो थैली आणि मोहरा यांच्याविषयी एकदमच बोलत असतो. थैली नाहीशी होत नाही आणि मोहराही केवळ सूचित होत नाहीत. आपल्याकडे भाले आत आले असे म्हटल्यावर भालेकरी आणि भाले दोन्ही समजतात, ती अजहल्लक्षणा हीच. झ्विंग्लीची लक्षणा मूळ अर्थाचा त्याग करणारी, म्हणजे जहल्लक्षणा. ल्यूथरची मूळ अर्थ सांभाळून त्यात भर घालणारी. भाकर व शरीर यांच्या या एकतेला त्याने ‘संस्कारात्मक एकता’ असे नाव दिले. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून ल्यूथरच्या मताला ‘कन्सबस्टॅन्शिएशन’, म्हणजे सहद्रव्यवाद, असे लेबल लावलेले आढळते. ल्यूथरने हा शब्द आपल्या मतासाठी वापरला नाही, आणि ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञांनी तो सातत्याने नाकारला आहे. दोन द्रव्ये एकमेकांत कालविल्यासारखी असतात असे त्यांचे म्हणणे नव्हते. द्रव्याच्या परिभाषेतूनच त्यांना बाहेर पडावयाचे होते.

आणखी एक मुद्दा येथे लक्षात ठेवला पाहिजे. श्रद्धाहीन मनुष्यानेही प्रभुभोजन घेतले तर त्यालाही ख्रिस्ताचे शरीर मिळते, जरी ते त्याच्या लाभाचे नसले तरी, असा ल्यूथरचा आग्रह होता. वरवर हा आग्रह विचित्र वाटतो. पण शरीराची उपस्थिती घेणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून ठेवली, तर ज्याला आपल्या श्रद्धेविषयीच शंका आहे त्याने कोठे जावे? मठात असताना ‘आपले पुरेसे आहे काय’ या प्रश्नाने ल्यूथरला वर्षानुवर्षे छळले होते. तोच प्रश्न नव्या रूपाने परत यावा हे त्याला सहन होणारे नव्हते. यामुळेच केवळ द्राक्षारस घेऊन या मंडळींबरोबर राहण्यापेक्षा केवळ रक्त घेऊन पोपबरोबर राहणे आपण पत्करू, असे टोकाचे विधान त्याने १५२८ मध्ये केले.

मारबुर्ग

एप्रिल १५२९ मध्ये श्पायर येथील राज्यसभेत कॅथलिक बहुमताने सुधारणेला पायबंद घालणारा ठराव केला. त्याविरुद्ध काही संस्थानिकांनी व नगरांनी जो निषेध नोंदविला, त्यावरून ‘प्रॉटेस्टंट’ हे नाव पडले. हेसचा तरुण संस्थानिक फिलिप याला सम्राट पाचव्या चार्ल्सविरुद्ध एक व्यापक आघाडी उभारावयाची होती. तीत सॅक्सनी, श्ट्रासबुर्ग आणि झ्युरिक एकत्र यावेत अशी त्याची योजना होती. धर्मविचारात एकवाक्यता नसेल तर ही आघाडी अशक्य होती. म्हणून त्याने दोन्ही पक्षांना आपल्या मारबुर्गच्या गढीत बोलाविले. ल्यूथर अनिच्छेने आला. झ्विंग्लीने रात्रीच्या वेळी गुपचूप झ्युरिक सोडले. त्याच सुमारास सुलतान सुलेमानच्या सैन्याने व्हिएन्नाला वेढा घातला होता.

१ ऑक्टोबरला प्राथमिक बोलणी झाली. फिलिपने ल्यूथरची गाठ सौम्य एकोलांपाडिउसशी आणि झ्विंग्लीची गाठ सौम्य फिलिप मेलांख्थोनशी घालून दिली, यातच त्याची माणसांची पारख दिसते. मुख्य चर्चा २ व ३ ऑक्टोबरला झाली. अधिकृत इतिवृत्त ठेवण्यात आले नाही. आज जे ज्ञात आहे ते उपस्थितांनी लिहिलेल्या वृत्तांतांवरून. जर्मन इतिहासकार वाल्टर क्योलर याने परिषदेच्या चारशेव्या वर्षी, १९२९ मध्ये, ते जुळवून संवादाची पुनर्रचना प्रसिद्ध केली. आरंभीच ल्यूथरने खडूने मेजावर ख्रिस्ताच्या विधानातील चार लॅटिन शब्द लिहिले आणि त्यांवर मखमली आच्छादन ओढले. चर्चेत पुरावा मागितला गेला तेव्हा त्याने ते आच्छादन दूर करून त्या शब्दांकडे बोट दाखविले.

चर्चा पुष्कळदा त्याच त्या मुद्द्यांभोवती फिरत राहिली. एकोलांपाडिउस व झ्विंग्ली योहानाचा सहावा अध्याय पुन्हा पुन्हा पुढे करीत, ल्यूथर तो येथे लागू नाही असे सांगे. शरीर एकाच ठिकाणी असते हा मुद्दा आला की आपल्याला येथे गणित नको, असे तो म्हणे. झ्विंग्ली ग्रीक नव्या करारातून वाचू लागला, तेव्हा जर्मन किंवा लॅटिन वाचा, असे ल्यूथरने त्याला सांगितले. एका क्षणी झ्विंग्ली म्हणाला की हा उतारा तुमची मान मोडील. त्यावर, येथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, हे हेस आहे, स्वित्झर्लंड नव्हे, असे उत्तर मिळाले. ही आपल्याकडची बोलण्याची पद्धत आहे, असा खुलासा झ्विंग्लीला करावा लागला. शब्द जसेच्या तसे घ्यावेत असा ज्याचा आग्रह, त्याने एक वाक्प्रचारही जसाच्या तसा घेतला, ही त्या दोन दिवसांतील एकमेव विनोदी घटना म्हणावी लागेल.

शेवटी विटेनबर्गच्या पक्षाने एक तोडगा सुचविला. ख्रिस्ताचे शरीर प्रभुभोजनात खरोखर उपस्थित असते, परंतु परिमाण, गुण किंवा जागा या रूपाने नव्हे, एवढे उभयतांनी मान्य करावे. ल्यूथरला कोणतीही तडजोड नको होती या समजाला हा तोडगा छेद देतो. झ्विंग्लीच्या पक्षाने तो नाकारला, कारण त्यातून लोक जुन्या मिस्सेचाच अर्थ घेतील अशी त्यांना धास्ती होती. झ्युरिकच्या रस्त्यांवर अवघ्या चार वर्षांपूर्वी काय घडले होते हे पाहता, ही धास्ती निराधार म्हणता येत नाही. गढीत घामाच्या साथीची वार्ता येऊन थडकली होती. परिषद लवकर आटोपणे भाग होते. ल्यूथरने तयार केलेल्या पंधरा कलमांवर ४ ऑक्टोबरला सर्वांनी स्वाक्षऱ्या केल्या. चौदा कलमांवर पूर्ण एकमत होते. पंधराव्यातही दोन्ही पदार्थ सामान्यांना द्यावेत, मिस्सा हे पुण्यकर्म नव्हे, एवढे मान्य झाले. ख्रिस्ताचे खरे शरीर व रक्त भाकरीत व द्राक्षारसात देहरूपाने असतात काय, या एकाच बाबतीत मतैक्य झाले नाही, अशी नोंद करून, सदसद्विवेकास पटेल तितके प्रेम परस्परांशी ठेवावे, असे म्हटले आहे. झ्विंग्लीने डोळ्यांत पाणी आणून हात पुढे केला. ल्यूथरने त्याला बंधू म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. तुमचा आत्मा वेगळा आहे, असे त्याने श्ट्रासबुर्गच्या मार्टिन बुत्सरला सांगितले.

परिणाम

दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १५३१ रोजी, झ्विंग्ली कापेलच्या रणांगणावर मारला गेला. पुढच्याच महिन्यात एकोलांपाडिउसही वारला. १५३१ मध्ये स्थापन झालेल्या श्माल्काल्डन संघात स्विस नगरे नव्हती, आणि १५४७ मध्ये म्यूलबेर्गच्या लढाईत सम्राटाने त्या संघाचा पराभव केला. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातील दहावे कलम प्रभुभोजनाविषयी आहे. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने कायदेशीर मान्यता दिली ती कॅथलिक आणि या कबुलीजबाबाचे अनुयायी या दोघांनाच. परिणामी झ्विंग्ली व पुढे जॉन कॅल्व्हिन यांच्या परंपरेतील रिफॉर्म्ड लोक १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापर्यंत साम्राज्यात स्पष्ट कायदेशीर संरक्षणाविना राहिले. एका क्रियापदाच्या अर्थावर मालमत्ता, पदे आणि राज्यकर्त्यांचे अधिकार अवलंबून राहू लागले ते असे.

तडजोडीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १५३६ मध्ये बुत्सरने विटेनबर्गचा समेट घडवून आणला. मेलांख्थोनने १५४० मध्ये दहाव्या कलमाचे शब्द सैल करून घेतले. त्यामुळे नवा गोंधळ माजला. १५५९ मध्ये हायडेलबेर्गमध्ये टिलेमान हेसहूस व त्याचा सहायक विल्हेल्म क्लेबिट्स यांचा या प्रश्नावर इतका विकोपाचा वाद झाला, की राजपुत्र तिसऱ्या फ्रेडरिकने दोघांनाही काढून टाकले. सॅक्सनीत मेलांख्थोनचा जावई कास्पर पॉयसर याला गुप्त कॅल्व्हिनवादी ठरवून १५७४ मध्ये कैद केले. तो बारा वर्षांनी सुटला. चॅन्सेलर निकोलाउस क्रेल याचा १६०१ मध्ये ड्रेस्डेनमध्ये शिरच्छेद झाला. ज्या सिद्धान्ताचा उगम भयभीत मनाला धीर देण्यात होता, त्याच्या रक्षणासाठी तुरुंग व तलवार वापरली जावी, ही गोष्ट ल्यूथरन इतिहासकारांनाही सोपी गेलेली नाही.

१५७७ च्या ‘एकमताच्या सूत्रा’ने ल्यूथरन मंडळींमधील वाद मिटविला. ख्रिस्ताचे शरीर भाकरीत, भाकरीसह व भाकरीखाली दिले जाते, ही प्रसिद्ध शब्दयोजना या सूत्रातून रूढ झाली. शब्दयोगी अव्यये तीन वापरली, कारण कोणत्याही एकाने ‘कसे’ याचे उत्तर दिल्यासारखे होऊ नये. संस्काराच्या विहित उपयोगाबाहेर संस्कार नाही, हेही सूत्राने सांगितले. या बाबतीत ल्यूथरचा स्वतःचा व्यवहार बोलका आहे. १५४३ मध्ये आइसलेबेनच्या सिमोन वोल्फेरिनुस या पाळकाने उरलेल्या अभिमंत्रित ओस्ती साध्या ओस्तींत मिसळून ठेवल्या, तेव्हा ल्यूथरने त्याला खरमरीत पत्रे लिहिली. जे उरेल ते त्याच वेळी सर्वांनी मिळून संपवावे, म्हणजे प्रश्नच उद्भवणार नाही, असा त्याचा सल्ला होता. दुसऱ्या बाजूस, १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने द्रव्यांतराचा सिद्धान्त पुन्हा ठामपणे प्रतिपादिला होता. अशा रीतीने ल्यूथरन मत रोम आणि झ्युरिक या दोहोंपासून वेगळे, आणि दोहोंकडून गैरसमज होणारे, असे उभे राहिले.

१८१७ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने ल्यूथरन व रिफॉर्म्ड मंडळींचे सक्तीने एकीकरण आरंभिले. ‘जुने ल्यूथरन’ म्हणविणाऱ्यांनी ते नाकारले. त्यांच्यातील काही जण १८३८ पासून ऑस्ट्रेलियात व पुढे अमेरिकेत स्थलांतरित झाले. या वेळी देश सोडणारे पंडित नव्हते, शेतकरी आणि कारागीर होते. मार्च १९७३ मध्ये बाझेलजवळील लॉयनबेर्ग येथे युरोपातील ल्यूथरन, रिफॉर्म्ड व संयुक्त चर्चांच्या प्रतिनिधींनी एक करारनामा संमत केला आणि परस्परांच्या प्रभुभोजनात सहभागी होण्याचा मार्ग खुला झाला. मारबुर्गपासून त्याला ४४४ वर्षे लागली. सर्व ल्यूथरन चर्चांनी तो स्वीकारला नाही; अमेरिकेतील मिझुरी सिनड ही संस्था आपले प्रभुभोजन आजही सामान्यतः समविचारी सभासदांपुरते मर्यादित ठेवते.

भारतातील धागा

भारतात हा वारसा १७०६ मध्ये आला. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग व हाइन्रिख प्ल्यूट्शाउ हे जर्मन ल्यूथरन धर्मप्रसारक त्या वर्षी तरंगमबाडीस उतरले. याच मिशनमधून पुढे आलेला क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्स हा तंजावरच्या मराठा घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांचा पालक व मार्गदर्शक होता. १७९८ मध्ये श्वार्ट्स वारला. सरफोजीराजांनी अखेरपर्यंत आपला हिंदू धर्म सोडला नाही, तरी त्याच्या स्मरणार्थ इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेऊन ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले.

मराठी मुलुखातील प्रमुख ख्रिस्ती परंपरा मात्र निराळ्या आहेत. गोवा व वसईची परंपरा कॅथलिक. तेथे मिस्सा आणि ओस्ती हे शब्द घरचे आहेत. मुंबई व अहमदनगर येथे काम करणारे अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल, तर जॉन विल्सन यांचे स्कॉटिश मिशन प्रेस्बिटेरियन. म्हणजे दोन्ही झ्युरिक व जिनीव्हाच्या वंशातील. ‘प्रभुभोजन’ हा शब्द मराठीत मुख्यतः यांच्या उपासनेतून रुळला. त्यामुळे मारबुर्गच्या मेजाच्या एका बाजूचा वारसा मराठी प्रॉटेस्टंट मंडळींकडे आला, दुसऱ्या बाजूचा आला नाही. १९४७ मध्ये मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले तेव्हा दक्षिणेतील ल्यूथरन चर्चे त्याबाहेर राहिली, आणि त्यानंतर उभय पक्षांत ज्या धर्मशास्त्रीय चर्चा झाल्या, त्यांत प्रभुभोजनाचा विषय होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट इत्यादी परंपरांच्या मंडळी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. रांचीचे गोस्नर इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च त्या ऐक्यात सामील झाले नाही.